प्लॅस्टिकला बलुतेदार कोण?

मोटेचें चामडें फाटलें तर गांवांत चांभार होता, फाळ बोथटला तर लोहार होता, गाडीच्या चाकाचा आरा निखळला तर सुतार होता. त्या गांवगाड्यांत जातीच्या नांवाखालीं जो अन्याय चालत असे तो जितका गेला तितकें बरेंच झालें; त्याचें दुःख कोणी करूं नये. परंतु त्या व्यवस्थेंत एक गोष्ट खरी होती, ती ही कीं, शेतावर जी वस्तु आली तिच्या पाठोपाठ ती दुरुस्त करणारा हातहि गांवांत आला. गेल्या कांहीं दशकांत मात्र आमच्या शेतांवर असा एक पदार्थ आला आहे कीं, जो मोटेच्या, रांजणाच्या, पत्र्याच्या डब्याच्या, वेताच्या पाटीच्या आणि पुष्कळ ठिकाणीं लोखंडाच्याहि जागीं जाऊन बसला, आणि ज्यास दुरुस्त करणारा मनुष्य मात्र गांवांत कोणीच नाहीं. हा पदार्थ म्हणजे प्लॅस्टिक होय.

एखाद्या मध्यम प्रतीच्या बागाइतदाराच्या शेतावर फेरी मारून पाहावी. घरावर पाण्याची काळी टांकी, ट्रॅक्टरच्या मागें फवारणीयंत्राची पिवळी किंवा पांढरी टांकी, कोठींत पाठीवरचे पंप, खळ्यावर भाजीचे व फळांचे क्रेट, बांधावर तुषारसिंचनाचे काळे पाइप, ओळींतून ठिबकाच्या नळ्या, आणि उंचवट्यावर शेततळ्याचें अस्तर. यांपैकीं कशासहि भेग पडली कीं शेतकऱ्यापुढें दोनच मार्ग असतात : नवें आणणें, किंवा चिंधी, तार, डांबर आणि बाजारांतील लेप यांवर कांहीं दिवस भागविणें. दुसरा मार्ग अखेर पहिल्यासच जाऊन मिळतो, आणि जुनी वस्तु भंगारवाल्याच्या तराजूंत जाते. लोखंडाचें वेल्डिंग करणारें दुकान आज फाट्याफाट्यावर आहे. प्लॅस्टिकचें वेल्डिंग करणारा मनुष्य तालुक्याच्या गांवींहि शोधावा लागतो.

यावर कोणी म्हणतील कीं, प्लॅस्टिक स्वस्त आहे, मोडलें तर नवें घ्यावें, त्याच्या दुरुस्तीचा एवढा खटाटोप कशास पाहिजे? क्रेटच्या बाबतींत हें म्हणणें थोडेंबहुत खरें आहे. एका क्रेटचा कान तुटला म्हणून कोणी यंत्र विकत घ्यावें असें आम्हीहि सांगणार नाहीं. परंतु द्राक्षबागेची गोष्ट घ्या. ऑक्टोबरची छाटणी होऊन फुटवे निघाले आहेत, रात्रीं पाऊस पडून गेला आहे, केवड्याच्या भीतीनें सकाळींच फवारणी व्हावयास पाहिजे, आणि नेमकी त्याच वेळीं पांचशें लिटरची टांकी तोटीपाशीं उकलली. अशा प्रसंगीं टांकीची किंमत हा प्रश्नच उरत नाहीं. नवी टांकी येईपर्यंत जे दोन-तीन दिवस हातचे जातात त्यांची किंमत ज्याची त्यानें करावी. चैत्रांत शेततळ्याचें अस्तर फाटलें म्हणजे हाच हिशोब अधिक कठोर होतो, कारण गळून गेलेलें पाणी कोणत्याहि दुकानीं मिळत नाहीं.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, प्लॅस्टिक ओळखण्याची विद्या प्रत्येक शेतकऱ्यास असावी, आणि तें सांधण्याची कला प्रत्येक गांवांत निदान एका माणसाच्या हातीं असावी. या दोहोंत पहिली विद्या अधिक महत्त्वाची, म्हणून तिच्याविषयीं प्रथम लिहितों.

“धान्य” म्हटल्यानें जसा ज्वारी, भात व गहूं या सर्वांचा बोध होतो, तसाच “प्लॅस्टिक” या शब्दानें अनेक भिन्न पदार्थांचा होतो. त्यांचे मुख्य वर्ग दोन. एक मेणासारखा किंवा गुळासारखा. तापविला कीं पातळ होतो, निवला कीं पुनः घट्ट होतो, आणि असें अनेक वेळां करतां येतें. दुसरा भाकरीसारखा, भाकरी एकदां भाजल्यावर तिचें पुनः पीठ मळतां येत नाहीं. विजेच्या जुन्या बटणांचें बेकेलाइट, फायबरग्लासचे पत्रे व टांक्या हे दुसऱ्या वर्गांतील होत. यांवर गरम हवा सोडली तर ते करपतात, वितळत नाहींत. त्यांचें वेल्डिंग होणें नाहीं. फायबरग्लासची दुरुस्ती रेझिन व कांचतंतूंचें कापड लावून होते, परंतु तो निराळा धंदा आहे.

शेतावरचें बहुतेक प्लॅस्टिक मात्र पहिल्या वर्गांतील आहे, आणि त्यांतहि पॉलिएथिलीनचा भरणा मोठा. हा पदार्थ २७ मार्च १९३३ रोजीं इंग्लंडांत विनिंग्टन येथें आय. सी. आय. या कंपनीच्या प्रयोगशाळेंत फॉसेट व गिब्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांस, दुसराच प्रयोग चालू असतां, भांड्याच्या तळाशीं मेणचट पांढऱ्या थराच्या रूपानें आढळला. पुढें १९५३ सालीं जर्मनींत झीग्लर यांनीं थोड्या दाबाखालीं तो बनविण्याची रीत काढली व त्यापासून कठीण जातीचें पॉलिएथिलीन, म्हणजे आपलें एचडीपीई, सुलभ झालें. १९५४ सालीं इटलींत नाट्टा यांनीं पॉलिप्रॉपिलीन सिद्ध केलें. या दोघांस १९६३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. एचडीपीई सुमारें १३० अंश सेंटिग्रेडवर वितळतें, तर पॉलिप्रॉपिलीन सुमारें १६० अंशांवर. दोन्ही दिसावयास जवळजवळ सारखीं, दोन्ही हातास मेणचट लागतात, आणि तरीहि एकाचा सांधा दुसऱ्याशीं टिकत नाहीं. एचडीपीईस एचडीपीईच पाहिजे, पॉलिप्रॉपिलीनला पॉलिप्रॉपिलीनच. माणसांनीं सोडून द्यावयाचा जो निर्बंध तो या पदार्थांनीं मात्र फार कडक पाळला आहे.

मग जात ओळखावी कशी? पहिली खूण म्हणजे वस्तूच्या बुडाशीं असणारा बाणांचा त्रिकोण व त्यांतील आंकडा. हे आंकडे १९८८ सालीं अमेरिकेंतील प्लॅस्टिकच्या व्यापारी संघानें सुरू केले व ते आतां सर्वत्र चालतात. २ म्हणजे एचडीपीई, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे मऊ पॉलिएथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ७ म्हणजे इतर कांहीं, अर्थात् त्यावरून कांहींच कळत नाहीं. कारखानदार हें चिन्ह बहुधा अशा जागीं घालतात कीं, तें वाचण्यास टांकी उलथी करावी लागते. चिन्ह नसेल तर सुरीनें एक छिलका काढून पाण्यांत टाकावा. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. पीव्हीसी, नायलॉन, एबीएस हीं बुडतात. छिलक्यास हवेचा बुडबुडा चिकटूं देऊं नये, नाहीं तर बुडणारेंहि तरंगेल. त्यानंतर तो पुसून चिमट्यांत धरून उघड्या जागीं पेटवावा. मेणबत्ती विझविल्यावर येतो तसा वास आला व थेंब गळूं लागले तर तें पॉलिएथिलीन समजावें. पॉलिप्रॉपिलीनचा वास त्याहून थोडा निराळा व गोडसर, पण तो सरावानेंच कळतो. डोळ्यांस व नाकास झोंबणारा धूर निघाला व ज्योत दूर करतांच छिलका विझला तर तें पीव्हीसी होय. खात्री करावयाची असल्यास तांब्याची तार लाल तापवून त्या छिलक्यास लावावी व पुनः ज्योतींत धरावी. पीव्हीसी असल्यास ज्योत हिरवी होते. ही परीक्षा एकदांच, वाऱ्याच्या वरच्या अंगास उभें राहून, करावी.

आणखी एक परीक्षा आहे, ती आम्हांस सर्वांत उपयोगी वाटते. जुन्या टांकीच्या भेगेजवळ धारदार सुरीनें पातळ साल काढावी. साल सुताराच्या रंध्याखालून निघते तशी लांब, वळलेली निघाली तर प्लॅस्टिक जिवंत आहे. ती तुटून तुटून पडली किंवा तिचा भुगा झाला तर उन्हानें तें मेलें आहे असें समजावें. अशा टांकीवर सांधा कितीहि उत्तम बसला तरी महिन्याभरानें त्याच्याच शेजारीं नवी भेग जाते. मेलेल्या प्लॅस्टिकवर मेहनत घेऊं नये. तें भंगारांतच द्यावें.

आतां लेपांविषयीं दोन शब्द. दोन नळ्यांतून कालवून लावण्याचे लेप आणि क्षणांत चिकटणारे डिंक लोखंडावर, लाकडावर, कांहीं कठीण प्लॅस्टिकांवर चांगलें काम देतात. परंतु पॉलिएथिलीनचा पृष्ठभाग असा आहे कीं, त्यावर पाणी पसरत नाहीं व डिंकहि पसरत नाहीं. लेप वाळून बसतो आणि टांकी ऊन-थंडीनें वाढूं-आकसूं लागली कीं पापुद्र्यासारखा सुटतो. याउलट पीव्हीसी पाइपांस जें सोल्यूशन लावतात तें पाइपाचें अंगच विरघळवून जोड एकजीव करतें. म्हणून पीव्हीसीच्या पाइपास गरम हवेचें वेल्डिंग करण्याच्या भरीस पडूं नये. फुटका तुकडा कापून नवा जोड सोल्यूशननें बसवावा. ठिबकाच्या नळीसहि वेल्डिंगचें कारण नाहीं, साधा जोड पुरतो.

वेल्डिंगचें तत्त्व लोहाराच्या व तांबटाच्या कामाहून फारसें दूर नाहीं. पॉलिएथिलीनचे कण म्हणजे अतिशय लांब धागे. दोन्ही बाजूंचे धागे वितळून सैल झाले, त्यांवर दाब पडला आणि निवेपर्यंत त्यांस हलविलें नाहीं, म्हणजे ते एकमेकांत गुंततात. उष्णता, दाब व वेळ या तिहींपैकीं एक जरी उणें पडलें तरी सांधा वरवर दिसतो, आंत नसतो.

यास लागणारें यंत्र म्हणजे गरम हवा फेंकणारी हातांतील बंदूक, जिची उष्णता कमीजास्त करतां येते, व तिच्या तोंडास बसणारी सुमारें ५ मिलिमीटर छिद्राची नळी. साधें यंत्र कांहीं हजार रुपयांत येतें. रंग काढण्याच्या बंदुकीस नळी बसवून शिकण्यास आरंभ करतां येतो. पण तिची उष्णता बेताची राखतां येते कीं नाहीं तें पाहून घ्यावें. अशा बंदुकीस दीड-पावणेदोन हजार वॅट वीज लागते, आणि वस्तीवर विजेचा दाब कमी असला तर कांटा ३०० अंशांवर ठेवूनहि हवा तितकी तापत नाहीं. म्हणून रोज कामापूर्वीं त्याच प्लॅस्टिकच्या रद्दी तुकड्यावर परीक्षा घ्यावी. एचडीपीईस नळीच्या तोंडाशीं हवा सुमारें ३०० अंश लागते, पॉलिप्रॉपिलीनलाहि जवळजवळ तितकीच. तापलेल्या खिळ्यानें किंवा झाळण्याच्या लोखंडानें भेग चोळून बुजविण्याची जी रीत कित्येक ठिकाणीं चालते तिनें क्रेटचा कान बसतो, पाण्याची टांकी मात्र त्यावर सोपवूं नये.

भरावयाची सळई तीन-चार मिलिमीटर जाडीची असते व ती विकत मिळते. तथापि आमचा सल्ला असा कीं, नव्या टांकीस तोटीसाठीं भोक पाडतांना जी गोल चकती निघते ती फेंकून देऊं नये. ती टांकीच्याच अंगची असल्यानें तिच्या कातरलेल्या पट्ट्यांहून अधिक जुळणारी सळई मिळणें नाहीं. उन्हांत राहणाऱ्या वस्तूस काळी सळई बरी. तींतील काजळी उन्हापासून रक्षण करते, आणि पाण्याच्या काळ्या पाइपांत शेंकडा दोन-अडीच भाग काजळी याच हेतूनें घातलेली असते.

प्रत्यक्ष कामांत हाताची कुशलता जितकी लागते त्याहून अधिक चिकाटी पूर्वतयारींत लागते. भेग जेथें संपलेली दिसते त्याच्या किंचित् पुढें, दोन्ही टोकांस, ३ मिलिमीटरचें भोक पाडावें. तें नसेल तर सांधा होत असतांच भेग पुढें धांवते. नंतर भेगेच्या लांबीभर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कोरावी, जाडीच्या पाऊण भागापर्यंत खोल व सुमारें साठ अंश उघडी. खाचेच्या दोन्ही बाजूंस बोटभर रुंदीचा वरचा थर खरवडून काढावा, कारण उन्हानें व हवेनें जुना झालेला तो थर एकजीव होत नाहीं. खरवडल्यावर त्या जागेस तेलकट हात लावूं नये आणि तें काम उद्यांवर टाकूं नये. मग सळई खाचेंत काटकोनांत उभी धरून वरून दाब द्यावा, व बंदुकीचें तोंड सळई आणि खाच यांवर घड्याळाच्या लंबकाप्रमाणें हलवीत राहावें. खाच जाड असते म्हणून तिला उष्णता अधिक मिळावयास पाहिजे. शिकाऊ माणूस नेमका सळईच अधिक तापवितो, आणि सळई वितळून थंड खाचेवर नुसती पसरते. बरोबर बसलेल्या सांध्यास दोन्ही कडांस वितळलेल्या पदार्थाची बारीक धार दिसते. धूर निघाला किंवा रंग बदलला तर उष्णता फार झाली. काम झाल्यावर पाणी ओतून निववूं नये. शक्य तेथें आंतूनहि दुसरा सांधा द्यावा. मात्र टांकींत उतरून काम करावयाचें तर तोंड उघडें, बाहेर दुसरा मनुष्य आणि आंत वारा असल्यावांचून उतरूं नये.

नव्यानें शिकणाऱ्यानें आरंभीं टांकीस हात लावूं नये. फुटक्या घागरीच्या पट्ट्या कापून त्या जोडाव्या, पूर्ण निवूं द्याव्या, आणि सांध्यावर उलट्या दुमडाव्या. सांधा खाचेच्या रेषेंतून उकलला तर शिक्षण अपुरें. पट्टी ताणून शेजारींच फाटली तर हात बसला. हें पंचवीस-तीस वेळां केल्यावांचून दुसऱ्याचें काम घेऊं नये.

भेग बुजविली तरी ती पडण्याचें कारण शिल्लक असतें, हें फार थोडे लोक ध्यानीं घेतात. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन; तें उंचसखल ओट्यावर किंवा दोन फळ्यांवर ठेवलें तर तळ कोठेंतरी लोंबकळतो व तेथेंच उकलतो. फवारणीच्या टांकीस पट्टा जेथें कांचतो तेथें, आणि तोटीवर लांब नळीचें वजन टांगलेलें असतें तेथें, भेग हटकून येते. ओटा सपाट करावा, पट्ट्याखालीं रबर द्यावें, नळीस निराळा आधार द्यावा. मगच बंदूक हातीं घ्यावी. टांकी दुरुस्त झाल्यावर प्रथम पाव, मग अर्धी, मग पूर्ण अशी एकेक दिवसाच्या अंतरानें भरावी.

कांहीं कामें मात्र मुळींच करूं नयेत, व याबाबत आम्ही कोणाची भीड धरणार नाहीं. दाबाखालीं चालणारी कोणतीहि टांकी, मग ती हवा भरून चालणाऱ्या फवारणी-पंपाची असो वा खताच्या यंत्राची, हातानें सांधून वापरूं नये. पेट्रोल किंवा डिझेल ठेवलेल्या डब्यावर गरम हवा सोडूं नये. तो रिकामा असला तरी आंतील वाफ पेट घेते. कीटकनाशकाचे रिकामे डबे सांधून पाण्यास, धान्यास किंवा दुधास लावणें हा तर गुन्हाच समजावा. फवारणीची टांकीहि दुरुस्तीपूर्वीं तीन वेळां धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावी, कारण औषधाचा राहिलेला अंश तापला म्हणजे त्याची वाफ थेट श्वासांत जाते. पीव्हीसी अति तापल्यास हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतें. आणि बंदुकीचें तोंड बंद केल्यावरहि बराच वेळ तापलेलें राहतें. कडब्याच्या गंजीजवळ तें ठेवणाऱ्यास आम्ही काय म्हणावें?

तुषारसिंचनाचे एचडीपीई पाइपहि दाबाखालींच चालतात, म्हणून त्यांच्या भेगेवर सळई न बसवितां फाटलेला तुकडा कापून दोन तोंडें समोरासमोर जोडावीं. त्यासाठीं सुमारें २१० अंशांवर तापलेली सपाट तबकडी मिळते. दोन्ही तोंडें तीवर वितळवून, तबकडी झटकन् काढून, एकमेकांवर सरळ दाबून धरावयाचीं. कित्येक ठिकाणीं हेंच काम भाकरीच्या तव्यावर करतात. तव्याची उष्णता कळत नाहीं, पाइप त्यास चिकटतो, आणि करपलेला अंश सांध्यांत जातो; तरी त्या लोकांनीं मूळ तत्त्व बरोबर हेरलें आहे, हें कबूल केलें पाहिजे.

शेततळ्याविषयीं स्वतंत्र लेख व्हावयास पाहिजे, कारण २०१६ सालीं राज्यसरकारनें सुरू केलेल्या “मागेल त्याला शेततळें” या योजनेनंतर तळीं वाढलीं, आणि जेथें माती पाणी धरीत नाहीं तेथें अस्तरावांचून तळें हा केवळ खड्डा होय. हें अस्तर बहुधा पांचशें मायक्रॉनचें, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचें, असतें. कुत्रें किंवा नीलगाय उतरली, कोणी पंप ओढला, कीं तें फाटतें. अशा पातळ कापडावर सळई चालत नाहीं. ठिगळच लावावें लागतें. पाणी फाटलेल्या जागेच्या खालीं उतरवून, ती जागा पुसून, वाळवून, किंचित् खरवडून, त्याच जातीच्या अस्तराचें ठिगळ चारी बाजूंस वीतभर अधिक घ्यावें व त्याचे कोपरे गोल कापावे, कारण टोकदार कोपऱ्यापासूनच ठिगळ सुटूं लागतें. चपट्या तोंडाच्या नळीनें दोहोंच्या मधून हवा सोडीत, मागोमाग लहान रबरी रूळ दाबीत जावें. हें काम सकाळीं करावें. वीस मीटर लांबीचा पट तीस अंशांच्या फरकानें सुमारें दहा सेंटिमीटर वाढतो. भर दुपारीं लावलेलें ठिगळ पहांटेच्या थंडीनें ओढलें जातें. शेवटीं बोथट सुईचें टोक ठिगळाच्या कडेनें फिरवून पाहावें. जेथें तें आंत शिरेल तेथें सांधा नाहीं.

हें सर्व एकेका शेतकऱ्यानें करावें अशी आमची अपेक्षा नाहीं. वर्षांतून दोनदां लागणारें यंत्र घरोघर घेऊन ठेवणें हा पैशाचा अपव्यय आहे, आणि हात बसण्यास काम सतत पाहिजे. म्हणून प्रत्येक सोसायटीनें एक बंदूक, एक तबकडी, कांहीं सळया व रूळ असा संच घ्यावा, व गांवांतील एका-दोघां तरुणांस, ते कोणत्याहि जातीचे असोत, मुलगा असो वा मुलगी, शिकविण्याचा खर्च उचलावा. १९६८ सालीं मद्रासेस स्थापन झालेल्या सीपेट या प्लॅस्टिकविषयक सरकारी संस्थेचें एक केंद्र छत्रपति संभाजीनगर येथें आहे. तेथें, किंवा जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत, अशा शिक्षणाची मागणी सभासदांच्या सह्यांनिशीं करावी. कृषि विज्ञान केंद्रांनींहि मेळाव्यांत नव्या यंत्रांबरोबर मोडक्या टांक्यांचाहि एक मांडव घालावा. त्याभोंवतीं गर्दी होईल याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

संच घेणाऱ्या सोसायटीनें त्याबरोबर एक जाड वही ठेवावी. वस्तु कोणती, प्लॅस्टिकची जात कशी ओळखली, सळई कोणती वापरली, बंदुकीचा कांटा किती अंशांवर होता, भेग पडण्याचें कारण काय होतें, आणि सांधा किती महिने टिकला, हें तींत वेळच्या वेळीं लिहावें. न टिकलेले सांधेहि लिहावे. ज्या गांवांकडून अशा नोंदी आमच्याकडे येतील त्यांस या मासिकांत जागा देण्यांत येईल.